फोडणीचं दार

लेस्टरमधलं आमचं घर 1930च्या दशकातलं, एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं. त्या काळातल्या अशा इंग्लिश घरांत स्वयंपाकघर म्हणजे मागच्या कोपऱ्यातली चिंचोळी जागा. आमच्या आधीच्या मालकांनी तिच्या पाठीमागे कॉन्झर्व्हेटरी बांधली : कमरेएवढी विटांची भिंत, त्यावर काचा, डोक्यावर पॉलीकार्बोनेटचं छप्पर. त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी बागेऐवजी दुसऱ्या खोलीत उघडू लागली. मी भरदुपारी दिवा लावून पोळ्या लाटायचे. आणि पलीकडची ती उजेडाची खोली डिसेंबरात गारठलेली, जुलैत पाय ठेववत नाही इतकी तापलेली.

अंधार एक वेळ सोसला असता. वासाचं दुखणं मोठं होतं. थंडीत खिडक्या बंद असतात, फोडणीचा ठसका जिन्याने थेट वर जातो आणि कपड्यांत मुरतो. शाळेच्या कोटाला लसणाचा वास येतो म्हणून मुलगी एकदा रडवेली होऊन आली. ते मला फार लागलं. पण म्हणून फोडणी द्यायचीच नाही, हे मला मान्य नव्हतं. ओटाच काचेच्या खोलीत न्यायचं ठरलं.

ज्याला विचारावं तो सांगे, मधली भिंत पाडा, सगळं एक करा, ऐसपैस वाटेल. मी ठाम नाही म्हटलं. इंग्लंडमध्ये 30 चौरस मीटरपेक्षा लहान कॉन्झर्व्हेटरीला बांधकाम नियमांतून बहुधा सूट मिळते, पण ती घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दाराने वेगळी असावी आणि तिथल्या उबेची सोय स्वतंत्र असावी लागते. नियमाला ते दार ऊब राखायला हवं असतं. मला ते फोडणीसाठी हवं होतं.

सूट मात्र आम्ही सोडली, कारण छप्पर बदलायचं होतं. पॉलीकार्बोनेटखाली कुकरची वाफ थंडीत निवून थेंब थेंब कणकेत पडली असती. वर भरीव, ऊब धरणारं हलकं छप्पर घातलं आणि त्यात उजेडासाठी दोन काचेच्या खिडक्या ठेवल्या. असं छप्पर आलं की कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलची परवानगी लागते. तपासनिसाने भिंतीलगत खड्डा खणायला लावून पाया पाहिला : नवं वजन जुन्या पायाला पेलेल का? पेलत होतं. या खर्चात काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कपाटं पुढेमागे बदलता येतात.

काचेवर कपाट टांगता येत नाही. म्हणून डबे, पिठं, मसाले सगळं घराच्या मूळ विटांच्या भिंतीला लावलं आणि सिंक बागेकडच्या बुटक्या भिंतीशी. सिंकच्या नळीला मीटरमागे किमान 18 मिलिमीटर उतार लागतो, तो साधायला फरशी थोडी उकरावी लागली. फरशीखाली ऊब धरणारा थरही तेव्हाच घातला. शेगडी गॅसचीच ठेवली, भाकरी आचेवर फुगायला हवी म्हणून. नळी मात्र गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडूनच ओढून घेतली. शेगडीवरच्या हूडला सेकंदाला किमान 30 लिटर हवा बाहेर टाकण्याचा नियम आहे. आम्ही त्याहून ताकदीचा घेतला. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सुक्या मिरच्यांचा ठेचा बहुधा नसावा.

जुनं स्वयंपाकघर आता कोठीघर झालंय. सासूबाई पुण्याहून आल्या, की खुर्ची काचेशी ओढून घेतात आणि भाजी निवडता निवडता बागेतली मेथी किती वर आली ते मला सांगतात. दिवाळीत चकल्या तळल्या त्या दिवशी मुलीच्या मैत्रिणी घरी होत्या. तिने मधलं दार स्वतःहून उघडलं आणि त्यांना आत, शेगडीपाशी घेऊन आली.