कडेवरचे नाव

पदक हातात आले की लोक आधी राजाचा चेहरा पाहतात. मी कड पाहतो. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडच्या शिपायांना मिळालेले ब्रिटिश वॉर मेडल घ्या. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर स्वार झालेला उघडाबंब वीर, टापांखाली शत्रूची ढाल आणि 1914, 1918 ही दोन साले. लाखो पदकांवर हे सगळे अगदी सारखे. पण त्याच्या अरुंद कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ती एवढी ओळ फक्त एका माणसाची. भिंगाखाली पदक हळूहळू फिरवत ती वाचावी लागते. आपली नावे परक्या कानांनी ऐकून लिहिलेली, म्हणून मोडकी असतात. दोनतीनदा मोठ्याने उच्चारली की त्यांतून एखादा ओळखीचा विठोबा, एखादा सखाराम वर येतो.

हे पदक चांदीचे, वजनाला अडीच तोळ्यांच्या वर. तेच त्याच्या मुळावर आले. लग्नकार्य, आजारपण, दुष्काळ, कशालाही घरातली चांदी आधी बाहेर निघते आणि सराफाच्या तराजूला कडेवरचे नाव वाचता येत नाही. मजूर तुकड्यांना हेच पदक काशाचे मिळाले होते. ते आटवून कोणाच्या हाती फारसे काही लागण्यासारखे नव्हते.

अंबडला राहून हा नाद लागणे तसे साहजिकच. आमच्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेला आसई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच लढले. मेल्यासारखे पडून राहिलेले काही जण शत्रू पुढे सरकताच उठले आणि त्याच्या पाठीवर त्यांनी पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीची दीड हजारावर माणसे मेली किंवा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकूनही आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती म्हणून विचारले, तेव्हा त्याने आसईचे नाव घेतले. या लढाईचे पदक निघाले 1851 मध्ये, तब्बल 48 वर्षांनी, आणि तेही तोवर जिवंत राहिलेल्यांनाच. फिकट निळी फीत, तिच्यावर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. त्या गोलंदाजांसाठी मात्र कोणत्याही टांकसाळीत काही पाडले गेले नाही. संग्राहक म्हणून ही रिकामी जागा मला फार सलते. जिंकणाऱ्यांच्या वस्तू कितीही जमवल्या तरी ती भरत नाही.

माझ्याकडे ग्लासगोच्या हायलँड लाइट इन्फंट्रीचा टोपीवरचा बिल्ला आहे. तिच्यात पुढे विलीन झालेली 74 वी हायलँड पलटण आसईला पार कापली गेली होती. बिल्ल्यावर मोठा तारा, ताऱ्यावर बिगूल, बिगुलाच्या वेढ्यात पलटणीची आद्याक्षरे, वर मुकुट आणि खाली आसई गावाचे नाव लिहिलेली पट्टी. पट्टीखाली इवलासा हत्ती. हा बिल्ला मी एकदा मुद्दाम आसईला नेला. एका शाळकरी पोराने पट्टीवरचे अक्षर अन् अक्षर जोडून वाचले आणि विचारले, "सर, हे आमचंच गाव व्हय?" मी हो म्हणालो. मग त्याला हेही सांगितले, की आज आपल्या मद्रास रेजिमेंटचे जवान टोपीवर जो हत्ती लावतात, तोही तुझ्याच गावचा. त्याने तो बिल्ला बराच वेळ हातातून सोडला नाही.

खुद्द जालन्याची गोष्ट वेगळी. तिथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. 1903 मध्ये कंटिंजंटच्या पलटणी हिंदुस्थानी लष्करात सामावल्या, 1922 मध्ये पायदळाची 19 वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. त्यामुळे जालन्याच्या छावणीचा माग काढायचा तर वाट पार हिमालयात, रेजिमेंटच्या केंद्रापर्यंत, रानीखेतला जाते.

पदकापेक्षा गणवेशाचा कोट सांभाळणे अवघड. लोकरीला कसर लागते. खुंटीला टांगून ठेवला तर स्वतःच्याच वजनाने खांद्यात फाटतो. पितळी बटणे घासून लखलखीत करण्याचा मोह तर भल्याभल्यांना आवरत नाही, आणि दर घासणीला बटणावरचे चिन्ह थोडे थोडे पुसले जाते. चांदीचे पदक त्याच लोकरीत गुंडाळून ठेवले तर काळे पडते, म्हणून दोघांना वेगळे ठेवावे.

अंबडजवळच्या एका वाडीत एका आजींनी मला त्यांच्या सासऱ्यांचा खाकी कोट दाखवला. दर दसऱ्याला त्या तो उन्हात घालतात, निंबाचा पाला बदलतात आणि पुन्हा ट्रंकेत ठेवतात. "कोट नेऊ नको बाबा, फोटू काढ," त्या आधीच म्हणाल्या. नेण्याचा माझा विचारही नव्हता. डाव्या छातीवर खिशाच्या वर एक अरुंद पट्टा बाकीच्या कापडापेक्षा गडद होता. तिथे फिती होत्या. बाकीचा कोट उन्हाने विटला, फितींखालचे कापड तेवढे मूळ रंगाचे राहिले. रुंदीवरून फिती तीन असाव्यात. पदके कुठे गेली, हे मी विचारले नाही. आजींनीच सांगितले, "बहात्तरच्या दुष्काळात मोडली." मी त्या गडद पट्ट्याचा फोटो काढला. माझ्या सगळ्या संग्रहात तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कडेवरच्या नावासाठी जीव एवढा का तुटतो, ते इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकामुळे कळते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणींनी फार सोसले. कूतचा वेढा 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीत संपला, त्यात 103 वी, 110 वी आणि 117 वी मराठा पलटण होती. बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा दिला. दगडाने ज्याला आकड्यात काढले, त्याचे नाव चांदीच्या कडेवर उरलेले असते. ते पदक आटले की धातूवरचे त्याचे नाव तिथेच संपते.

तरी एक उणीव राहतेच. कडेवर नाव असते, गाव नसते. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाच्या घरातली, कोणत्या गावची आणि हे कोणी सांगितले, एवढे मी आधी लिहितो. किंमत लिहीत नाही. ज्या घरात वस्तू आहे त्या घरातून ती मी विकतही घेत नाही. सराफाकडे आलेली मात्र सोडवून आणतो.

गेल्या पावसाळ्यात बाजारातल्या एका सराफांचा निरोप आला, "सर, मोडीत तुमच्या कामाचं काहीतरी आलंय." चांदीचे पदक, फीत नाही, कड झिजलेली. नंबराचे शेवटचे तीन आकडे, पुढे शिपाई, मग गणपत आणि शेवटी 117 मराठा. आडनावाचा पहिला भाग गेलेला, शेवटचा 'कर' तेवढा शिल्लक. विकणारा बाहेरगावचा होता, एवढेच सराफांना आठवते. हे आडनाव कोकणातलेही असू शकेल, देशावरचेही. मी कडेचे चार बाजूंनी फोटो काढून ओळखीच्या माजी सैनिकांना दिले आहेत. त्यांतल्या एका सुभेदारमामांनी महाडकडे चौकशी सुरू केली आहे. घर सापडले की पदक तिकडे पाठवायचे.