सुईपेक्षा संकोच मोठा

माधवनगरहून सांगलीच्या दवाखान्यात पोहोचण्यास मला अर्धा तास पुरतो; या तक्रारीसाठी मात्र ३ वर्षे लागली. मधुमेहामुळे शिश्नाची ताठरता गेली होती. हृदयविकारासाठी नायट्रेट चालू असल्याने सिल्डेनाफिलची गोळी मला वर्ज्य. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक रीतीने उतरतो. माझे हृदय तपासून मूत्ररोगतज्ज्ञांनी इंजेक्शन सुचविले. रोज इन्शुलिन टोचून घेणारा मी, या बारीक सुईला घाबरलो!

१९८३ मध्ये लास व्हेगास येथे ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःलाच असे इंजेक्शन टोचून भर व्याख्यानात परिणाम दाखविला होता. ते ऐकून हसू आले, आणि भीती ओसरली.

औषध शिश्नाच्या बाजूस टोचतात. रक्तवाहिन्या सैलावतात व रक्त भरते. मात्रा प्रत्येकाची निराळी, म्हणून पहिले इंजेक्शन डॉक्टरांसमोरच घ्यावे. ताठरता ४ तास उतरली नाही, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. विलंबाने कायमची इजा होते.

पत्नीला मी सर्वांत शेवटी सांगितले. ती म्हणाली, "मला वाटत होतं, तुम्हाला माझाच कंटाळा आलाय."