न संपणारी चाल

संगीताला आरंभ असतो तसा शेवटही असतो, हे आपण गृहीत धरलेले असते. भावगीत तीन-चार मिनिटांत आपले म्हणणे पूर्ण करते. मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोते उठण्याच्या तयारीला लागतात. व्हिडिओ गेमच्या संगीताला ही सोय नाही. खेळणारा एखाद्या पुलावर दहा सेकंद थांबेल किंवा अर्धा तास. पुढे केव्हा जायचे हे तोच ठरवणार. शेवट ठाऊक नसताना रचना कशी करावी, हा प्रश्न गेली काही वर्षे, कामावरून परतल्यानंतरच्या वेळात, माझी सोबत करीत आहे.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचे काम करतो आणि बदलापुरात राहतो. संगीताचे माझे शिक्षण म्हणजे भजनी मंडळातील पेटीची साथ आणि तबला शिकणाऱ्या मुलांसाठी धरलेला लेहरा. या विद्येचा संगणकावरील खेळाशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु लेहऱ्याचे काम नेमके काय असते, ते पाहावे. एकल तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते. तबलावादक कायदा मांडो, रेला मांडो, लेहरा धरणारा त्याला सम दाखवीत राहतो. ती सुरावट लक्ष वेधून घेणारी असली तर तबल्याला झाकून टाकते. नीरस असली तर मैफल कंटाळते. शेवटची मात्रा पहिल्या मात्रेत अशी मिसळावी लागते की सांधा कळू नये. गेमचे संगीतकार ज्याला ‘लूप’ म्हणतात, त्याची सगळी पथ्ये यात आली.

या कलेचा आरंभही आवर्तनानेच झाला. 1978 साली जपानमध्ये तयार झालेल्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ या खेळात खाली उतरणारे अवघे चार खर्जातले स्वर पुन्हा पुन्हा वाजत. पडद्यावरचे शत्रू कमी होत जात तशी उरलेल्यांची चाल वाढे आणि त्याबरोबर स्वरांची लयही चढे. खेळणाऱ्याच्या कृतीने संगीत बदलते, ही कल्पना त्या चार स्वरांत होती. 1985 मध्ये कोजी कोंडो यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी चाली रचल्या, तेव्हा यंत्रात एका वेळी उमटू शकणारे ध्वनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. एवढ्याशा साधनांत त्यांनी जे रचले ते आज जगभरातील मुलांना गुणगुणता येते. ज्याच्याकडे जुना संगणक आणि एलएमएमएससारखे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, त्याने साधनांच्या उणिवेची तक्रार करू नये, एवढे मी त्यावरून शिकलो.

आमच्या भागात शांतता मात्र दुर्मीळ. दिवसा रस्ता, संध्याकाळी शेजारच्या घरांतील दूरदर्शन संच, आणि लोकलचा आवाज तर पाचवीलाच पूजलेला. पेटीचे ध्वनिमुद्रण मी शेवटची गाडी गेल्यानंतर करतो. पंखा बंद, खिडक्यांवर गोधड्या. त्याच लोकलचा मला एक उपयोगही सापडला. बदलापूरहून उल्हासनगरला पोहोचायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. पंचेचाळीस सेकंदांची सुरावट तेवढ्या वेळात वीस वेळा वाजते. इयरफोन लावून बसावे. अंबरनाथ येण्यापूर्वी कान विटले तर ती सुरावट टाकून द्यावी. उल्हासनगरपर्यंत ती सोबत राहिली, तर ठेवावी. बहुतेक सुरावटी अंबरनाथलाच उतरतात.

पुनरावृत्ती कंटाळवाणी का होत नाही, याचा एक धडा त्याच अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. शिलाहारांच्या काळातील या मंदिराच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे वर्ष आहे. त्याचे शिखर भूमिज शैलीचे. एकाच आकाराच्या छोट्या शिखरप्रतिकृती रांगेने वर चढतात आणि चढताना लहान होत जातात. आकार तोच, प्रमाण निराळे. मी सुरावटीत हेच करू लागलो: दुसऱ्या आवर्तनात एक स्वर गाळायचा, तिसऱ्यात तो खालच्या सप्तकात ठेवायचा. ऐकणाऱ्याला फरक सांगता येत नाही, परंतु त्याचा कान जागा राहतो.

या क्षेत्रात प्रवेश कसा मिळतो, असे मला विचारले जाते. प्रवेशपरीक्षा नाही, हे त्याचे उत्तर. 2009 पासून भरणाऱ्या ‘ग्लोबल गेम जॅम’सारख्या उपक्रमांत अनोळखी माणसे एकत्र येऊन अठ्ठेचाळीस तासांत लहानसा खेळ तयार करतात. तेथे चित्रकार आणि प्रोग्रॅमर असतात, आणि चाल देणारा हवाच असतो. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा 2016 मधील खेळ तर एरिक बॅरोन यांनी संगीतासह एकट्याने घडवला. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या 2020 मधील खेळाचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. पुराणकथांवर आधारलेल्या आपल्या खेळाला दूरदेशीचा माणूस संगीत देतो, याचे काहींना वैषम्य वाटेल. मला त्यातून धीर मिळाला. ग्रीसहून पुण्याला चाल येऊ शकते, तर बदलापूरहूनही ती कोठेही जाऊ शकेल.

माझी चाल आजवर उल्हासनगरपर्यंत गेली आहे. तेथील एका महाविद्यालयीन तरुणाने ओसाड गावात पाणी शोधणाऱ्या मुलीचा खेळ रचला आणि मी त्याला संगीत दिले. पैशांची देवाणघेवाण झाली नाही; मात्र श्रेयनामावलीत नाव असेल आणि सुरावटीवरचा हक्क माझा राहील, हे दोघांनी कागदावर लिहून घेतले. मोफत काम करावे, पण बेनामी करू नये. घरच्यांनी विचारले, “यातून मिळते काय?” प्रश्न रास्त होता. रात्रीचे दोन-दोन तास जात होते, आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसाला जमेची बाजू दाखवता येत नव्हती.

त्या खेळातील विहिरीसाठी मी दोन थर केले होते. पेटीचा षड्ज सतत चालू. मुलगी विहिरीजवळ आली की त्यावर बासरी हळूहळू उमटावी, दूर गेली की विरावी. खेळ तयार झाल्यावर त्या तरुणाच्या घरी, शिवणयंत्रांच्या खडखडाटाने भरलेल्या जीन्सच्या कारखान्यावरच्या मजल्यावर, त्याच्या धाकट्या बहिणीने इयरफोन लावून तो खेळून पाहिला. ती विहिरीपाशी आली, पाणी भरले, आणि निघाली. चार पावलांवर थांबली. मागे फिरली. पुन्हा दूर गेली, पुन्हा जवळ आली. तिच्या भावाला वाटले, तिला वाट सापडत नाही. वाट तिला दिसत होती. जवळ गेले की बासरी येते, हे तिला कळले होते आणि ती आपल्या पावलांनी बासरी वाजवून पाहत होती. मी धरलेल्या लेहऱ्यावर प्रथमच कोणीतरी स्वतःचे वादन मांडले होते. तिने ते किती वेळ चालवले, हे मी मोजले नाही.