चकाचक

बस परत आली तेव्हा तिच्या खिडक्यांतली माणसं गेली होती. दुसऱ्या खिडकीत लाल हॅटवाली बाई होती, तिच्या मागे पेपर वाचणारा चष्मेवाला, आणि शेवटच्या खिडकीत काचेला नाक लावून बसलेला एक पोरगा. त्या जागी आता कोरा पत्रा लखलखत होता. ड्रायव्हरचं तेवढं अर्धं तोंड शिल्लक होतं. ती माझ्या हातात देणारे गृहस्थ हसून म्हणाले, "ओळखू येत नाही ना?"

खरंच येत नव्हती.

मोठे काका बोटीवर होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ही पत्र्याची बस कोबेहून आणली, आम्ही भावंडं गिरगावातल्या चाळीत तिच्यावरून यथेच्छ भांडलो, मग ती माळ्यावर गेली आणि घर आवरताना माझ्याकडे आली. असल्या जपानी खेळण्यांना हल्ली काय मागणी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. आमच्या भागातल्या एका संस्थेने वर्धापनदिनाला जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी बस दिली, ताईची कचकड्याची बाहुली दिली आणि सावंतवाडीच्या लाकडी फळांची टोपली दिली. बसला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती: 'पुसू नये. ओलं फडकं लावू नये.' कार्यवाहांनी माझ्यासमोर ती वाचली, मान डोलावली. पुढे ती काढून टाकण्यात आली, कारण त्यांच्याच शब्दांत, "मांडणीत शोभत नव्हती."

उद्घाटनाच्या आदल्या रात्री संस्थेच्या एका उत्साही स्वयंसेवकाने बस साबणाच्या पाण्यात बुडवली. हिरव्या घासणीने घासली. एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश लावून जुन्या बनियनने रगडली. हे सगळं मला त्यानेच सांगितलं, कौतुकाने, पायरी-पायरीने, जणू मी पाककृती विचारली होती.

या बसवर वरून ब्रशने दिलेला रंग नव्हताच. अशी खेळणी करताना आधी सपाट पत्र्यावर चित्र छापतात, त्यावर पातळ वार्निशचा हात देतात, मग पत्रा कापून, साच्यात दाबून, कानांची टोकं फटींत घालून दुमडतात. म्हणजे ती बाई, तो पोरगा, बाजूची पिवळी पट्टी, मागचं 'मेड इन जपान', हे सगळं शाईच्या एका पापुद्र्याएवढं. पॉलिशमध्ये बारीक पूड असते, ती पितळेवरचा काळेपणा खरवडते. इथे तिने माणसं खरवडली. शाईच्या खाली कथलाचा थर असतो, तोही घरच्या कल्हईसारखाच, फार तर त्याहून पातळ. चकाकत होतं ते हे कथील. आणि जिथे पत्रा कापलेला असतो तिथे, कडांना आणि दुमडलेल्या कानांना, कथीलही नसतं, उघडं पोलाद असतं. बुडवल्यावर पाणी तिथेच जाऊन बसलं. बाहेरून टिपलं तरी आत राहिलं. पावसाळा लागला आणि प्रत्येक कानापासून तपकिरी ओघळ खाली उतरले.

मी कार्यवाहांकडे गेलो. आवाज चढवला नाही, हे माझ्या बायकोला खरं वाटत नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, मुलाने रात्री दोनपर्यंत जागून केलं. आभार मानायचे सोडून तक्रार करताय?" मी म्हणालो, चिठ्ठी होती. ते म्हणाले, चिठ्ठी सगळेच बांधतात. मी म्हणालो, छाप गेली. ते म्हणाले, गंजही गेला ना! शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका काढली. तिच्यावर माझ्याच बसचा फोटो होता, पुसण्याआधी काढलेला, लाल हॅटवाल्या बाईसकट. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा किती कळकट दिसत होती." मग मला शाल आणि नारळ देण्यात आला, कारण वस्तू देणाऱ्या सगळ्यांना द्यायचा होता आणि समारंभाला मी हजर नव्हतो.

तो फोटो हा आता त्या प्रवाशांचा एकमेव पुरावा. पत्रिका मी जपून ठेवली आहे. शाल मोलकरणीला दिली.

लोकांना वाटतं, प्रश्न पैशाचा असेल. एका संग्राहक मित्राने बस हातात घेऊन उलटी केली, चाकं फिरवली आणि काही न बोलता परत ठेवली, त्यावरून किंमत कळलीच. पण मला ती विकायची नव्हती. त्या मुलाचाही राग नाही असं मी सगळ्यांना सांगत असतो. ते तितकंसं खरं नाही.

आपल्याकडे जुन्या वस्तूकडे पाहायच्या दोनच तऱ्हा: भंगारात घाला नाहीतर नवी करा. मळकी आहे तशी राहू द्या म्हटलं की माणसं आळशी समजतात. मळ काढूच नये असं माझं म्हणणं नाही. धूळ ओल धरते, ओलीने गंज येतो, ती काढावीच. पण कोरडी. जलरंगाचा मऊ रुंद ब्रश आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर हवा मारायचा रबरी फुगा, एवढ्यात बहुतेक काम होतं. त्याने न निघणारा चिकट मळ असेल तर कापसाचा बोळा काडीला गुंडाळून, जेमतेम ओलसर करून, आधी तळाला न दिसणाऱ्या जागी फिरवून बघायचा. बोळ्यावर रंग आला की तिथेच थांबायचं, 'अजून थोडंसं' म्हणायचं नाही. सर्वांत चांगलं द्रावण कोणतं म्हणाल तर थुंकी. काकू हे ऐकून 'शी!' म्हणून उठून गेली होती, पण चित्रं आणि मूर्ती सांभाळणारे जाणकार ती खरोखर वापरतात. तिच्यातलं अमायलेज मळ सैल करतं. पोर्तुगालच्या संशोधकांनी यावर रीतसर अभ्यास केला, त्याला २०१८ साली इग नोबेल मिळालं. थट्टेचं पारितोषिक आहे, पण काम थट्टेचं नाही. नंतर साध्या शुद्ध पाण्याचा बोळा फिरवायचा आणि लगेच टिपून घ्यायचं.

चावीच्या खेळण्यात खोबरेल घालू नका. पुण्याच्या थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होऊन धूळ पकडतं आणि मग लोक म्हणतात, स्प्रिंग गेली. शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आसापाशी लावावं, छापील पत्र्यावर सांडू नये.

कचकड्याची बाहुली वाचली ती निव्वळ काचेच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हरवली होती म्हणून. नाहीतर तिला त्या मुलाने सॅनिटायझर लावला असता. कचकडं म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. स्पिरिटने किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने त्याचा पृष्ठभाग मऊ होतो, कधी विरघळतो. शिवाय ते भडकन पेटतं, त्यामुळे असली बाहुली देव्हाऱ्याजवळ ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार. प्लास्टिकच्या घट्ट डब्यातही ठेवू नये. जुनं कचकडं आम्लाच्या वाफा सोडतं, त्या कोंडल्या की ते आणखी लवकर कुजतं आणि शेजारच्या धातूलाही खातं. लाकडी फळं सुखरूप परत आली. त्यांना कुणी हात लावला नाही. खरी फळं वाटून एका आजींनी उचलून पाहिली तेवढीच.

आता हे सगळं मी इतक्या तावातावाने सांगतो, आणि काकूच्या घरी गेलो की गप्प बसतो. तिच्याकडे तिच्या आईची पितळी भातुकली आहे: जातं, बंब, पाटा-वरवंटा, झाऱ्यापासून सोऱ्यापर्यंत सगळं. दर दिवाळीला ती चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने घासली जाते. चिंचेतलं आम्ल काळेपणा विरघळवतं आणि रांगोळी दरवेळी थोडं पितळही नेते. पानाच्या डब्याच्या झाकणावर मोर होता म्हणतात. मी पाहतोय तेव्हापासून तिथे नुसता उंचवटा आहे, बोट फिरवलं तरच लागतो. एखाद्या संग्रहालयातल्या माणसाने हे घासणं पाहिलं तर तो कपाळावर हात मारेल. काकूला मात्र भातुकली घासल्याशिवाय दिवाळी आली असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी शेजारी बसून एकेक भांडं पंच्याने कोरडं करतो आणि ओळीने मांडतो. कार्यवाहांनी तिथे मला पाहिलं असतं तर त्यांना काय उत्तर द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. गेल्या दिवाळीला बंबाच्या तोटीजवळचा हिरवा डाग काही केल्या निघेना, तेव्हा चिंचेत जरा मीठ घाल असं काकूला मीच सांगितलं.