सोणाचे पाय

विहाराच्या पायरीशी चपला उतरवून अनवाणी आत जायचे, ही आपल्या वसतिगृहाची जुनी शिस्त. माजी विद्यार्थ्यांना ती सांगावी लागणार नाही. एटापल्लीच्या रानात मोहफुले वेचताना, बांधीत रोवणा करताना ज्यांचे तळवे घट्ट झाले, त्यांना काट्याचे भय ते काय, असे वसतिगृह सांभाळणारे आम्हीही मानत आलो. हा समज एका मुलाच्या टाचेने मोडला.

तो आठवीत होता. लहानपणीच मधुमेह जडलेला. शरीरात इन्सुलिन तयार होत नसल्याने रोज टोचून घ्यावे लागे. हा गोड खाणाऱ्या श्रीमंतांचा आजार, अशी आमच्यातल्या काहींची समजूत होती, हेही कबूल केले पाहिजे. रोवण्याच्या दिवसांत तो गावी गेला. नेलेले औषध संपले, नाल्याला पूर आल्याने परतणे लांबले. आला तो टाचेत काटा मोडून. लाजेने कोणाला बोलला नाही. आमच्या ध्यानात आले तेव्हा आम्ही हळद भरून फडके बांधले आणि निश्चिंत झालो. आठवड्याने वंदनेच्या रांगेत शेजारच्या मुलाला वास आला.

मग आलापल्ली, आष्टी करीत गडचिरोली गाठली. टाच वाचली. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी न बोलताच आम्हाला कळले.

रक्तातली साखर चढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, जखम भरत नाही. वर्षानुवर्षे असेच चालले तर पायांच्या नसा बधिर होतात आणि काटा रुतला तरी कळत नाही. कोवळ्या वयात ही बधिरता सहसा नसते. म्हणूनच सवय याच वयात लावायची. रोज तळवा पाहायचा, नखे सरळ कापायची, भेगांना तेल लावायचे, पण बोटांच्या बेचक्या कोरड्याच ठेवायच्या, कारण पावसाळ्यातल्या चिखल्यांतून जंतू आत शिरतात. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवून, स्वच्छ पट्टीने झाकून त्याच दिवशी दवाखाना. हळद नाही, राख नाही, चुना नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ते धम्मदीक्षेसाठी चंद्रपुरास आले, त्या काळात पायांच्या दुखण्याने त्यांना आधारावाचून चालणे जड जाई. हे आम्ही मुलांना सांगत आलो होतो. पायांकडे मात्र पाहिले नव्हते.

मुलगा परतल्यावर विहारात चप्पल घालण्याची मुभा आम्ही त्याला दिली. त्याने मान हलवली. एकट्यालाच नको, म्हणाला. तेव्हा महावग्गातला सोण आठवला. चंक्रमण करता करता त्याचे तळवे फुटले, वाट रक्ताने भिजली. तथागतांनी त्याला एकपदरी पादत्राणांची अनुज्ञा दिली, तर सोणाने ती एकट्यासाठी नाकारली. मग ती साऱ्या संघाला मिळाली.

आता विहाराच्या दाराशी आतच वापरायच्या धुतलेल्या चपला मांडलेल्या असतात. पायाला काही झालेले नसतानाही कितीतरी मुले त्या घालतात. तो मुलगा यंदा बारावीत आहे. परवा संध्याकाळी एका लहानग्याचा तळवा मांडीवर घेऊन तो टॉर्चने पाहत बसला होता. काटा निघेपर्यंत त्याने पोराला जेवायला उठू दिले नाही.