सोसनच्या कुंड्या

उर्दूच्या तासाला गझलेत 'सोसन' हा शब्द आला की मी वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. सोसन म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगाचं एक फूल. त्याच्या पाकळ्या जिभेसारख्या दिसतात, म्हणून शायर म्हणतात, सोसनला दहा जिभा आहेत, तरी ते गप्पच असतं. मुलं वहीत लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात, मार्क मिळवतात. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही पाहिलंय का सोसन?"

मी म्हणालो, "नाही." तेव्हा मला शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती.

सोलापूरच्या उन्हात ते दिसणार तरी कुठे? इंग्रजीत ज्याला आयरिस म्हणतात ते हे फूल. बागेत लावतात त्या जातींना हिवाळ्याची कडक थंडी सोसत नाही असं मुळीच नाही, उलट ती लागतेच. थंडी मिळाली नाही तर पानं वाढतात, फूल येत नाही. आमच्याकडे स्वेटरसुद्धा पेटीतून जेमतेम महिनाभर बाहेर येतो.

मी सोसनचं झाड पहिल्यांदा पाहिलं ते 2023च्या दिवाळीच्या सुट्टीत, कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागा या गावी. माझी मोठी बहीण, आमची आपा, तिथं वीस वर्षांपासून राहते. तिनंच तिकीट पाठवलं होतं. फूल तर सोडाच, मला दिसल्या त्या सात कुंड्या आणि त्यात तलवारीसारखी, टोकाला पिवळी पडलेली पानं. "फुलं मे-जूनमध्ये येतात," आपा म्हणाली. "तू आलायस त्यांना झोपवायच्या वेळी." दुलाभाई हसत म्हणाले, "नाव माहीत आहे का? दाढीवाला आयरिस. या घरात दोघंच दाढीवाले, मी आणि हा." खालच्या पाकळीवर मऊ केसांचा पट्टा असतो, म्हणून ते नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपानं मला कामाला लावलं. मी मास्तर माणूस, आधी कारण विचारणार. जमिनीत लावलेलं आयरिस बर्फाखालीही राहतं, मग कुंडीतल्याची एवढी काळजी का? आपानं सांगितलं ते पटलं. जमिनीत थंडी वरून उतरते आणि खालची माती थोडी ऊब धरून असते. कुंडीला मात्र थंडी चारही बाजूंनी आणि बुडातूनही लागते. त्यातून कधी ऊन पडून माती सैल होते, रात्री पुन्हा गोठते, आणि या उलटसुलट खेळात कंद मातीतून वर ढकलला जातो, मुळं तुटतात.

कंद म्हणजे आपल्या हळदीच्या गड्ड्यासारखा, आडवा पसरणारा. त्याची पाठ मातीच्या वर उघडी ठेवायची, तिला ऊन लागलं पाहिजे. मी भाबडेपणानं उघड्या कंदांवर मूठभर माती लोटायला गेलो, तर आपानं हात धरला. पुरला की कुजतो.

मग कामं सुरू झाली. पिवळी पानं कात्रीनं वीतभर ठेवून कापायची आणि कापलेली पानं कुंडीत न टाकता बाहेर फेकायची, कारण त्या भागात एक पतंग शरद ऋतूत या पानांवर अंडी घालतो आणि वसंतात त्याची अळी कंद पोखरते. खत तर केव्हाच बंद केलेलं. पाणीही जवळजवळ बंद. मातीच्या दोन कुंड्यांतली रोपं तिनं आधीच प्लॅस्टिकच्या कुंड्यांत हलवली होती, कारण मातीची कुंडी पाणी पिते, ते पाणी गोठून फुगतं आणि कुंडी तडकते. कुंड्या विटांवर ठेवायच्या, म्हणजे बुडाची भोकं मोकळी राहतात. गॅरेजमध्ये, जिथं हीटर नाही अशा भिंतीला, सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. भोवती गोणपाट गुंडाळायचं आणि मधल्या फटींत मेपलचा सुका पाचोळा भरायचा. कंदावर मात्र काही घालायचं नाही.

"एवढं करण्यापेक्षा घरात का नाही ठेवत?" मी विचारलं. "आत बावीस डिग्री आहे. आरामात राहतील."

आपा थांबली. "पहिल्या वर्षी तेच केलं होतं," ती म्हणाली. तेव्हा तिच्याकडे दोनच कुंड्या होत्या, शेजारणीनं कंद तोडून दिलेले. बाहेर उणे पंधरा झाल्यावर तिला राहवेना. दिवाणखान्यात खिडकीशी ठेवल्या, दर दोन दिवसांनी पाणी घातलं. एक कंद फेब्रुवारीत मऊ पडला, हात लावला तर वास आला. दुसरा हिरवागार राहिला, पण त्या वर्षी फुलला नाही. मग ती आमच्या दखनीत म्हणाली, "ये ठंड से नै मरते रे, गीलेपन से मरते. ठंड तो इनको होना."

ती सहज बोलली होती. मला मात्र हातातलं गोणपाट खाली ठेवावं लागलं. अडीच वर्षांपासून जे सांगायचं होतं ते तिथंच, त्या गार गॅरेजमध्ये, सांगावं लागलं.

2021च्या एप्रिलमध्ये, रमजानच्या तिसऱ्या रोज्याला अम्मीला दवाखान्यात दाखल केलं. कोरोनाची दुसरी लाट होती. अकराव्या रोज्याला ती गेली. मधले आठ दिवस आपा रोज फोन करत होती आणि मी रोज सांगत होतो, अम्मी झोपली आहे, रोज्यानं थकली आहे, नेटवर्क नाही. मी मनाशी म्हणत होतो, ही येऊ तर शकणार नाही, मग हिला कशाला जाळायचं? त्याच आठवड्यात कॅनडानं भारतातून येणारी थेट विमानं बंद केली. मला वाटलं, बघा, माझा निर्णय बरोबर होता. मग एके रात्री थेट जनाज्याचीच खबर दिली. त्यानंतर आपानं मला एकदाही विचारलं नाही की आधी का सांगितलं नाहीस.

एवढं तिला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते मी त्या दिवशी सांगितलं. वॉर्डात हलवण्याआधी, स्ट्रेचरवर असताना अम्मीनं मला विचारलं होतं, "बडी का फोन आया क्या?" फोन माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "आएगा, अम्मी."

आपा बराच वेळ काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं पाचोळ्याची पिशवी उचलली आणि उरलेल्या फटी भरू लागली. मीही भरू लागलो. शेवटी एवढंच म्हणाली, "तू मला घरात ठेवलंस."

रात्री जेवणानंतर तीच बोलायला लागली. तिला मी चार कंद सोलापूरला न्यावेत असं वाटत होतं, अम्मीच्या कब्रीवर लावायला. यात नवं काही नव्हतं. काश्मीरच्या जुन्या कब्रस्तानांत वसंतात कब्रींवर सोसन फुलतं. पांढऱ्या सोसनची एक जात आहे, मूळची येमेन आणि अरबस्तानाकडची. मुसलमान जिथं जिथं गेले तिथं ती त्यांच्या कब्रस्तानांतून पसरली, अंदलूसपर्यंत पोहोचली, आणि पुढं स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिको आणि अमेरिकेतही गेली. विशेष म्हणजे या जातीला बीच धरत नाही. वारा, पाखरं तिला कुठं नेत नाहीत. आज ती जिथं जिथं आहे, तिथं कुणीतरी कंद तोडून दुसऱ्याच्या हातात दिला, म्हणून आहे.

तरी मी नाही म्हणालो, आणि या वेळी कारणं लपवली नाहीत. एक तर परदेशातून रोप किंवा कंद आणायचा तर आयातीचा परवाना आणि रोप निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो, बॅगेत घालून नेता येत नाही. दुसरं, आमची काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. जो कंद उणे पंधरात जगतो, तो सोलापूरच्या एका जुलैत कुजेल. आणि पावसाळा निभावला तरी फुलायला थंडी कुठून आणायची?

"मग अम्मीवर काय आहे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, सब्जा आहे. आमच्याकडे कब्रीवर सब्जा लावतात. फालुद्यात घालतो ते बी याच सब्जाचं. हदीसमध्ये आहे की पैगंबरांनी (स.) खजुराची ओली फांदी चिरून दोन कब्रींवर लावली आणि ती सुकेपर्यंत त्यांचा अजाब हलका होईल अशी आशा व्यक्त केली. काही आलिम म्हणतात, ते फक्त त्यांच्यापुरतं होतं. काही म्हणतात, कुणीही हिरवं लावावं. मी त्या वादात पडत नाही. सब्जा उन्हाळ्यात वाळतो, बी तिथंच गळतं आणि पहिल्या पावसात आपसूक उगवतं. मला काहीच करावं लागत नाही. आपा म्हणाली, "त्याचा वास कसा येतो ते विसरले मी."

सुट्टी संपली, मी परतलो. हिवाळाभर आपा गॅरेजचे फोटो पाठवत राहिली. फोटोत बघण्यासारखं काहीच नसायचं, गोणपाट आणि पाचोळा. जानेवारीत एकदा माती अगदी कोरडी झाली तेव्हा तिनं कपभर पाणी घातलं, तेही कळवलं. मीही तिला सगळं कळवू लागलो. मुलाचे मार्क, माझी वाढलेली साखर, घराच्या वाटणीवरून चाललेली कुरबुर. पूर्वी यातलं निम्मं मी गाळलं असतं.

मे 2024च्या अखेरीस मी कब्रस्तानात होतो. आमच्याकडे बायका सहसा तिथं जात नाहीत, त्यामुळे आपा इथं असती तरी दारापर्यंतच आली असती. असर झाली होती, ऊन उतरत होतं. व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ होती. सातपैकी पाच कुंड्या फुलल्या होत्या. एक कंद हिवाळ्यात गेला, एकाला नुसती पानं आली. मी सोसन पाहिलं, स्क्रीनवर का होईना. वरच्या तीन पाकळ्या उभ्या, खालच्या तीन झुकलेल्या. मोजलं तर जिभा सहाच निघतात, हे आता वर्गात सांगावं लागेल.

मग मी फोन वळवला आणि तिला अम्मीची कब्र दाखवली. सब्जा वाळून काड्या झाल्या होत्या. मी एक मंजिरी तळहातावर चुरली, काळं बी मातीवर पडलं. फोन जमिनीवर टेकवून ठेवला आणि आम्ही दोघांनी फातिहा पढली. तिनं तिच्या कुंड्यांशी बसून, मी इथं उकिडवा बसून.

दुआ झाल्यावर तिनं विचारलं, "अजून काय म्हणाली होती अम्मी?"

मी मांडी घालून बसलो आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.