वाढत्या अंगाचं यंत्र

रॅमचा भाव ऐकून मी फोनवरच गप्प झाले. भाच्याला गेमिंगचा पीसी असेंबल करायचाय, यादी मावशीकडून हवी, म्हणून मुलुंडच्या दुकानात सहज विचारलं होतं. डीडीआर५ ची सोळा जीबीची एक पट्टी, आणि काही महिन्यांत किंमत दुपटीच्या वर. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी इतकी लागते आहे की कंपन्यांचा सगळा ओढा तिकडे गेलाय. डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं ‘क्रुशियल’ हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा धंदाच बंद करणार म्हणून जाहीर केलं. माझ्या मशीनमधली पट्टी क्रुशियलचीच आहे. जवळचं दुकान बंद झाल्याचं कळावं तसं वाईट वाटलं.

भाच्यानं स्वतःची कच्ची यादी पाठवली होती. पहिल्या ओळीत काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे. एसएमपीएसपुढे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, नुसती रेघ. खाली लिहिलेलं, ‘मावशी, हा कुठलाही चालेल ना?’

नाही चालणार. त्या रेघेवर माझी नजर अडकली आणि बाबांचे हात आठवले.

साल २००७. नाहूरला स्टेशन होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्याआधी आम्हाला भांडुप नाहीतर मुलुंड गाठावं लागे. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात मोटर वाइंडर होते. माझा पहिला कॉम्प्युटर घ्यायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदारानं दोन एसएमपीएस काउंटरवर ठेवले. दोन्हींवर ४५० वॅट छापलेलं, किमतीत मात्र दुपटीचा फरक. बाबांनी एक डाव्या हातात घेतला, एक उजव्या. मग स्वस्तातला ट्यूबलाइटकडे धरून जाळीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “ह्यात तांबं मारलंय,” एवढंच म्हणाले. दुकानदार हसून म्हणाला, “अंकल, लेबल तो सेम है.” बाबांनी जड असलेला घेतला आणि हिशेब बसवायला ग्राफिक कार्ड यादीतून काढून टाकलं. कार्ड पुढच्या दिवाळीला. मी ग्रँट रोडपासून नाहूरपर्यंत तोंड फुगवून बसले होते. दादरला जिना चढून मध्य रेल्वेवर यायचं, मग धीमी लोकल, कारण नाहूरला जलद थांबत नाही. एवढा सगळा वेळ कॅबिनेटचा खोका बाबांच्याच मांडीवर.

   

कमी पैशात पण पुढे वाढवता येईल असं मशीन म्हणजे पोरांना घेतलेले वाढत्या अंगाचे कपडे. शिवण पक्की हवी, आत दुमडलेलं कापड हवं. बटणं मागाहून बदलता येतात. इथे शिवण म्हणजे मदरबोर्ड आणि एसएमपीएस. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ चं. मी २०१९ मध्ये त्याच सॉकेटचा बी४५० बोर्ड घेतला, त्यावर रायझन ३ २२००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. पुढे त्याच बोर्डाचं बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसवला. तोच बोर्ड, तेच स्क्रू. कॅबिनेटच्या स्क्रूंच्या जागा तर इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स मापात ठरवून दिल्या, त्या अजून तशाच आहेत. तीस वर्षं एक माप टिकवणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

आणि उलट वागणाऱ्यांवर राग. सॉकेटच्या पिना तितक्याच, प्रोसेसर बसतोही नीट, तरी नव्या पिढीसाठी नवाच बोर्ड घ्या म्हणायचं! महिन्याच्या पगारातून थोडं थोडं बाजूला काढून पार्ट जमवणाऱ्या माणसाशी असं वागू नये. हा राग मी सोडणार नाही.

भाच्याला मी बी६५० बोर्ड सांगितला. त्याच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीनं म्हटलंय. त्यावर रायझन ५ ७६००, कूलर डब्यातच येतो. एसएमपीएस ६५० वॅटचा. ८० प्लसचा शिक्का पाहायचा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतला माल कसा आहे ते खोलून केलेल्या परीक्षणांत वाचायचं. रॅमची एकच पट्टी, दुसरी भाव उतरल्यावर. दोन पट्ट्या जोडीनं जास्त वेगानं चालतात, एकटीवर काही गेम मंदावतात, हे खरं. वेगळं कार्ड असेल तर ते सोसता येतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर मात्र जोडीच हवी, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं. काचेच्या कॅबिनेटवर मी काट मारली. हवा खेळेल अशी पुढची जाळी पुरे.

हे समजवायला रविवारी त्याला घरी बोलावलं. आमची जुनी बिल्डिंग पाडायला गेलीय, आम्ही नाहूरलाच भाड्याच्या घरात आहोत. बाल्कनीत त्या जुन्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर आहे. ती एकदा जळली तेव्हा कमिटी नवीन घ्यायला निघाली होती; बाबांनी घरीच जुनी तार सोडवली, वेढे मोजून वहीत लिहिले आणि पुन्हा भरली. त्यानंतर ती बिल्डिंग रिकामी होईपर्यंत चालली. भंगारवाला किलोच्या भावानं मागत होता, बाबांनी दिली नाही.

भाचा माझ्यासमोर बसला, पण लक्ष बाल्कनीकडे. “आजोबा, हे आत कसं भरतात?” बाबांनी वही काढली. गेज, खाचा, एका खाचेत किती वेढे, कागद कुठला, वॉर्निश कधी. कारखाना बंद पडल्यापासून त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. भाच्यानं फोन उलटा ठेवला आणि एका पानाचा अर्थ दोनदा विचारला. कार्ड आठ जीबीचं की बाराचं, हा मुद्दा राहूनच गेला. पुढच्या रविवारी तो जुना जळका पंखा घेऊन येणार आहे, आणि बाबांनी मला तार आणायला सांगितलीय.